उन्हातली सावड

निमगाव सावा
१५ डिसेंबर २०२४

सिद्धे,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलं-बिलं नाही. आमच्या घरात फोनला रेंज नाही, ओट्यावर यावं लागतं. आणि ओट्यावर बोललेलं अर्ध्या आळीला ऐकू जातं. व्हॉट्सअ‍ॅप म्हणशील तर ते आधी नवरोबा भरत वाचतो, मग मी. म्हणून म्हटलं, जुन्नरला आठवीत वर्गात चिठ्ठ्या टाकायचो तशी एक टाकावी. तेव्हा तू गणिताची उत्तरं पुरवायचीस. आताही उत्तरच हवंय.

दिवाळीत तुला सांगितलं होतं, पुण्याच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं म्हणून. ल्युपस. भरतला माहीत आहे, पण त्याला शपथ घातलीय. सासूबाईंना आणि बाहेर मी सांधेवात एवढंच सांगितलंय. रक्तातला आजार म्हटलं की लोक पाण्याचा तांब्या वेगळा ठेवतात गं. गोळ्यांनी ताप गेला, बोटं वळायला लागली, पण तोंड बघशील तर पुनवेचा चंद्र! बायका म्हणतात, रत्नीनं बाळसं धरलं. मी आपली हसते.

आता प्रश्न. आमची इथं आठ जणींची सावड आहे. तुम्हा दुकानदारांना काय कळणार म्हणून सांगते: एकीच्या रानात सगळ्याजणी राबतात, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. या महिन्यात आमच्या कांद्याच्या रोपांची लागण पहिली झाली. मी तेव्हा उंबऱ्यात बसून होते, तर कोंडाबाईंनी माझ्या वाटणीचे वाफेही स्वतः लावून काढले. आता मला एकेकीकडे जाऊन सावड फेडायची आहे. डॉक्टर म्हणाले, ऊन नको. पण डिसेंबरचं ऊन म्हणजे काय ऊन असतं का? कोवळंच की. थोडं चालेल ना?

तुझी,
रत्ना


पुणे
२१ डिसेंबर

रत्ने,

तुझं पत्र होस्टेलच्या वॉचमनने दोन बोटांत धरून आणून दिलं. त्याला वाटलं कोर्टाची नोटीस. मी खुशीत नाचले तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

उत्तर: नाही चालणार. ऊन कोवळं असो नाही तर जून, थंडीतलं असो नाही तर ढगाआडचं, तुझ्यासाठी ऊन ते ऊनच. चटका बसणं वेगळं आणि त्या उजेडातलं न दिसणारं जे कातडीत शिरतं ते वेगळं.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. मी दिवसभर बायकांच्या रक्ताच्या नळ्या यंत्रात घालून फिरवणारी संशोधक विद्यार्थिनी. पण एवढं कळतं की या आजारात अंगातले राखणदार घरच्याच माणसांना चोर समजून बदडायला लागतात. कधी कातडीला, कधी सांध्यांना, कधी किडनीला. का, ते एका वाक्यात आमच्या मॅडमही सांगू शकत नाहीत. थोडं जन्मापासून अंगात असतं, थोडं बाहेरून येतं, आणि ऊन त्यातलंच एक. दहा रुग्णांत नऊ बायका असतात, तेही पुरतं उलगडलेलं नाही. आम्ही शोधतोय ती एक खूण, रक्तात किंवा लघवीत, जी आजार उसळायच्या आधीच दिसेल. कारण सांधा दुखतो, बोंब मारतो. किडनी मात्र मुकाट्याने बिघडते. म्हणून लघवीला फेस आला, पाय सुजले, तर त्याच दिवशी मला कळव. आणि गोळ्या मनाने कमी करायच्या नाहीत. चंद्र उतरतो गं नंतर.

पप्पांनी दुकानातून लांब बाह्यांचे दोन सुती शर्ट आणि एक मोठी टोपी पाठवलीय. दादी तुझी चौकशी करते. म्हणते, ‘मढची ती पोरगी, आपल्या जैनांच्या घरात कांदा येत नाही कळल्यावर तिने शाळेच्या डब्यातला कांदा सोडला होता, तीच ना?’ म्हटलं, तीच. आणि सासर बघ कुठलं मिळालं तिला, घरादारात कांदाच कांदा!

त्या बायकांना खरं सांगून टाक ना. नक्की सांग.

तुझी,
सिद्धी


निमगाव सावा
६ जानेवारी २०२५

सिद्धे,

शर्ट मिळाले. साडीवर घालून, वर टोपी चढवून निघाले तर कोंडाबाई म्हणाल्या, ‘आल्या बघा कलेक्टरीणबाई पाहणीला!’ सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. हसण्यात दिवस बरा जातो.

माझी काळजी नको. सकाळचं थोडं जाते, थोडी मदत करते. उज्ज्वलाकडची लागण झाली, सरूबाईंकडची झाली, आता पाचजणींची राहिली. गोळ्यांचं काय, चालू आहेत. भरत हल्ली रोज पिकअप घेऊन मार्केटला जातो, त्यामुळे तो घरी नसतो तेच बरं, नाही तर दिवसभर मागं लागला असता.

अक्षर वाईट आलंय, हसू नकोस. थंडीनं बोटं आखडलीत. पायसुद्धा जड होतात. जोडवी रुतायला लागली म्हणून काढून डब्यात ठेवलीत. सासूबाई म्हणाल्या, सवाशिणीनं जोडवी काढू नयेत. म्हटलं, थंडी गेली की घालीन.

पप्पांना आणि दादीला नमस्कार सांग. शर्टाचं कापड लई छान आहे.

रत्ना


पुणे
११ जानेवारी

रत्ने,

थंडीने पाय जड होत नाहीत. जोडवी रुतत नाहीत.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. गोळ्यांबद्दल तू इतकी तुटक कधी लिहीत नाहीस, कमी केल्या आहेस ना? आणि सकाळचं थोडं जाऊन दोघींची लागण उरकत नाही, एवढं दुकानदाराच्या पोरीलाही कळतं. काल भरतभाऊंना फोन केला, ते मार्केटमध्ये होते. म्हणाले, ‘मजेत आहे की रत्ना, गोरी-गुबगुबीत झालीय.’ मला रडू आलं. गुबगुबीत नाहीस तू, तुझ्या अंगात पाणी साठतंय.

उद्याच्या उद्या नारायणगावला जाऊन लघवी तपासून घे. आणि रानात जाणं बंद. सावड फेडायची आहे ना, तर तुझ्या जागी रोजाने बदली बाई लाव, मी करते व्यवस्था. तिने कांदे लावले काय आणि तू लावले काय, वाफ्याला कळतं का? काम झाल्याशी मतलब. हट्ट करू नकोस रत्ना, मला तू हवी आहेस.

सिद्धी


निमगाव सावा
१७ जानेवारी

सिद्धी,

बदली बाई म्हणे. तुझ्या पप्पांच्या तेराव्याला मी रडायला माणूस लावून पाठवलं तर चालेल का तुला? पप्पांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, पण तुला कळावं म्हणून लिहिते.

सावडीत रोजाची बाई पाठवली की सावड तुटली. दुसऱ्या दिवशी कुणी काही बोलणार नाही, फक्त पुढच्या वेळी मला हाक येणार नाही. मी मढहून इथं नवी आले तेव्हा या बायकांनी मला ओळीत उभं केलं, हात धरून रोप कसं लावायचं ते दाखवलं. माझा सुदर्शन झाला तेव्हा बाळंतपणात माझं अख्खं पीक त्यांनी काढलं. यांच्यातून उठून मी कुठं जाऊ? तुझ्याकडे नळ्या आहेत, मॅडम आहेत. माझ्याकडे या आहेत.

उद्या कोंडाबाईंची लागण आहे. तेवढी एक झाली की नारायणगावला जाते. वचन देते, पण आता रागावू नकोस. रागावलीस की मला काही सुचत नाही.

रत्ना


निमगाव सावा
९ फेब्रुवारी

सिद्धी पोरी,

ठकूबाई सांगती आन् भरत लिव्हतोय. (आई एक शब्द इकडचा तिकडे करू देत नाही. तिच्या बोलीतच वाचा. – भरत)

तुला त्या दिशी दवाखान्यात मी वाट्टंल ते बोलले. तूच माझ्या सुनंला चिठ्ठ्या लिव्हून आजार लपवायला शिकवलं, आसं म्हनले. भ्याले व्हते गं. रत्नी कोंडाबाईच्या वाफ्यात आडवी झाली तवा तिच्या मुठीत रोपं तशीच व्हती. पिकअपमधी घालून पुन्याला आनली तर डॉक्टर म्हनले, किडनीला झालंय. मला वाटलं आता संपलं समदं.

सुई घालून किडनीचा तुकडा काडत व्हते तवा तू माझ्यासंगं बाकावर बसून व्हतीस. मला चहा आनून दिलास. तुला म्हनलं तू बी घे, तर म्हनलीस, दिवस मावळला, आता मी घेत न्हाई. आयला, म्हनलं, दिसभर उपाशी, डोळं रडून सुजल्यालं, आन् तरी नेम मोडत न्हाई. ही पोरगी खोटं बोलनारी न्हवं. मंग मला माझीच लाज वाटली. तवा सांगाया जमलं न्हाई, म्हनून हे पत्र.

मला तिनं सांधेवात सांगितला व्हता. मी सासू हाय, वैरीन हाय का? तांब्या येगळा केला असता म्हनती! आता रोज मी माझ्याच तांब्यातनं तिला गोळ्या देती, आन् तोंड उघडून बघती गिळली का.

घरी आल्यावर मी कोंडाबाईला समदं खरं सांगितलं. ती म्हनली, ‘आगं, आमच्या रानात मारायची व्हती का हिला? एक शबूद बोलली असती तर आमी काय हिला उचलून उन्हात टाकनार व्हतो?’ लई रडली. मंग रत्नीपाशी जाऊन तिला ह्या शिव्या घातल्या, ह्या शिव्या घातल्या! शिव्या घालता घालता तिच्या केसांना तेल बी लावलं. केस लई गळाल्यात गं तिचं.

आता ठरलंय, रत्नीला सावलीचं काम. अंगात बळ आलं की समद्यांची बारकी पोरं आमच्या ओट्यावर, आन् काढनीला बराखीत, म्हंजी कांदा साठवायच्या छपराखाली, बसून कांदा निवडायचा. त्ये बी कामच हाय.

आन् दुसरं. तू बाकावर म्हनलीस, रत्नीवानी आजारी बायांचं रगत हाय, पर ताडून बघायला तिच्याच वयाच्या, तिच्यावानी उन्हात राबनाऱ्या धडधाकट बाया मिळनात. कालेजच्या पोरींचं घेतलं तर त्या पंख्याखाली बसनाऱ्या. मी त्ये कोंडाबाईच्या कानावर घातलं. ती म्हनली, ‘मंग त्ये बी रत्नीचंच रान की. त्या रानात जायाचं ऱ्हायलंय आपलं.’

(रविवारी २३ तारखेला सगळ्यांना घेऊन येतो. पिकअपला ताडपत्री बांधलीय. चालेल का, असं विचारणार होतो, तर आई म्हणते विचारू नको, सांग. – भरत)


पुणे
२४ फेब्रुवारी

रत्ने,

काल आमच्या विभागात जे झालं ते विभागाने कधी पाहिलेलं नाही. लिफ्टचं दार उघडलं आणि आतून सगळी सावड बाहेर पडली, हातात भाकरीची गाठोडी. शिपाई म्हणाला, ‘मॅडम, मोर्चा आलाय.’

मॅडमनी सगळ्यांना बसवून एकेक गोष्ट समजावली. रक्त किती घेणार, कशाला घेणार, नको वाटलं तर आत्ता उठून गेलात तरी कुणी रागावणार नाही. सरूबाई लगेच उठल्या, सुईला घाबरतात म्हणून. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही. मग सरूबाई दाराशी बसून सगळ्यांच्या पिशव्या राखत राहिल्या. मॅडमनी हेही सांगितलं की यातून रत्नाला लगेच काही मिळणार नाही. कदाचित कधीच नाही. काही हाती लागलं तर बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच कुणाला तरी. मला वाटलं, आता या उठणार. कोंडाबाई म्हणाल्या, ‘बाई, कांदा लावताना कुटं ठावं असतंय कुनाच्या ताटात जानार ते? लावायचा.’ आणि बाही वर केली. मॅडम चष्मा पुसत बसल्या.

नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. तुझी कुठली, कोंडाबाईंची कुठली, मला कळणार नाही आणि कळू नयेच. पण काल संध्याकाळी त्या नळ्या शीतपेटीत एका रांगेत ठेवताना मला ती रांगेत लावलेली रोपंच वाटली. त्या बदली बाईच्या पत्राची मला फार लाज वाटली गं. तू बरोबर होतीस. फक्त जिवावर उदार व्हायला नको होतंस.

आता खरी गंमत. जाताना कोंडाबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. ‘आमी तुझ्या कामाला आलो. तू आमच्या कामाला कवा?’ मी भारावून म्हटलं, तुम्ही म्हणाल तेव्हा. ‘मंग चैतात ये, कांदा काढायला.’ हो म्हणून बसले आणि पिकअप वळणाआड गेल्यावर डोक्यात उजेड पडला. कांदा!

दादीला फोन केला. दादी म्हणाली, ‘शब्द दिलास तर जायला हवं. पण जमिनीतून उपटायचा नाही. दुसरं काम माग.’ आता मी कुठल्या तोंडाने मागू? सांग काहीतरी.

सिद्धी


निमगाव सावा
१९ मार्च

सिद्धे,

आधी रिपोर्ट. लघवीतलं प्रथिन निम्म्यावर आलंय. डॉक्टर म्हणाले, अजून लांबचा पल्ला आहे, गोळ्या वर्षानुवर्षं, पण गाडी रुळावर आहे. सासूबाईंनी रिपोर्ट देवापुढे ठेवला, मग काढून डोळ्यांशी धरला, उलटा.

तुझी अडचण कोंडाबाईंना सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘एकीला ऊन चालत न्हाई, एकीला कांदा चालत न्हाई. चांगल्या सावडकरणी मिळाल्यात मला!’ मग विचार करून म्हणाल्या, ‘उपटू नको म्हनावं. वाहायला तर चालंल?’ आम्ही उपटून, पात कापून ठेवू. तू पाट्या उचलून बराखीत आणायच्या. दादीला विचार.

मला अजून एक सांगायचंय. त्या जानेवारीत मी खरंच गोळी अर्धी केली होती. तोंडाकडे बघवत नव्हतं. तू ओळखलंस आणि मी चिडले. तू ओळखतेस म्हणूनच तुला लिहिते, आणि ओळखतेस म्हणूनच लपवते. असलं कसलं मन असतं गं माणसाचं?

रत्ना


निमगाव सावा
१५ एप्रिल

सिद्धे,

मान कशी आहे? सासूबाईंनी लावायला तेल पाठवलंय, ते लाव. पहिल्या पाटीला तू जी गिरकी घेतलीस, उज्ज्वला अजून करून दाखवते.

तू दिवसभर उन्हातून पाट्या आणत होतीस आणि मी बराखीत बसून त्या उतरून घेत होते. माझाच शर्ट, माझीच टोपी घालून तू यायचीस, लालबुंद तोंडानं. प्रत्येक वेळी पाटी माझ्यापुढे टेकवून पाणी प्यायचीस आणि परत जायचीस. मला सारखं वाटत होतं, माझ्या वाटणीचं ऊन ही घेतेय. तोंडावर बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि रडले असते तर कांद्यानं रडते म्हणून तुम्ही सगळ्या हसला असतात.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत कोंडाबाईंनी तुला घाईघाईनं गूळ-भाकरी वाढली आणि तू गेलीस. तू गेल्यावर कोंडाबाई पदरानं घाम पुसत माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, ‘जानेवारीत तुझा दिवस अर्धा ऱ्हायला व्हता माझ्याकडं. आज फिटला.’ मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तू सकाळीच त्यांना बाजूला घेऊन म्हणालीस ना, आजचा दिवस माझ्या नावावर धरू नका, रत्नाच्या नावावर धरा?

अगं भवाने! मला बोलली नाहीस. मी लपवते म्हणून मला शिव्या देतेस आणि स्वतः काय करतेस?

मी म्हटलं, पण कोंडाबाई, तुम्हीच म्हणता बदली बाई चालत नाही. त्या म्हणाल्या, ‘बदली न्हाई ती. सावडीतली हाय. सावडीतलीनं सावडीतलीसाठी केलं.’

ते ऐकून मी रडलेच, मनसोक्त. पोरं बघत राहिली. सासूबाई आत गेल्या आणि जोडव्यांचा डबा घेऊन आल्या. माझा पाय मांडीवर घेतला आणि जोडवी घालून बघितली. सैल बसली सिद्धे. दोन्ही पायांत.

आता शेवटचं, आणि हे कोंडाबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. तुझा दिवस माझ्या नावावर गेला, म्हणजे तुझा स्वतःचा अजून बाकीच आहे. मार्गशीर्षात लागण आहे. त्यात उपटायचं काही नसतं, रोप मातीत लावायचं असतं. मी बांधावर झाडाखाली बसून तुला दाखवीन, मला दाखवलं तसं. दादीला विचारून ठेव.

तुझी,
रत्ना